पाटीवरून अडीच तास

काल रात्री दहाला घरी आलो. भात गार, डोकं तापलेलं. नगरपरिषदेच्या बैठकीला गेलो होतो. माझा प्रश्न एका ओळीचा होता: नदीवर बोटी उतरवायच्या धक्क्यापाशी नाल्याची लोखंडी जाळी तुटली आहे, ती कधी बसवणार? विषय क्रमांक 16. क्रमांक 4 वर होतं, आमच्या कॅनडातल्या ओटावा नदीच्या वारसा दर्जाची पाटी धक्क्यावर लावायची की नाही. अडीच तास गेले. सोळावा विषय आलाच नाही.

एका पाटीसाठी अडीच तास!

बरं, दर्जा काही नवा नाही. 2016 मध्ये मिळालाय. त्याआधी कित्येक वर्षं या काठावर त्यावरून रणं माजली होती, आणि तीच वाक्यं काल पुन्हा ऐकली. एक आजोबा उठले, टोपी काढून टेबलावर आपटली, म्हणाले, उद्या माझ्या डॉकच्या फळ्या बदलायला केंद्र सरकारची परवानगी लागेल. अहो आजोबा, माशांच्या अधिवासाला धक्का लागणार असेल तर ती आजही लागते! मासेमारीच्या कायद्याने लागते, पाटीने नाही. कॅनेडियन हेरिटेज रिव्हर्स ही योजना 1984 पासून आहे आणि तिच्या हातात कायद्याची साधी काठीसुद्धा नाही. दंड नाही, जमीन घेणं नाही, काही नाही. प्रांत आणि केंद्र मिळून मान्यता देतात, आराखडा लिहितात, दर दहा वर्षांनी अहवाल लिहितात. झालं. हे दोन पानांत लिहिलेलं आहे, पण वाचणार कोण? बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी.

दुसऱ्या बाजूच्या बाई तर त्याहून भारी. 'या दर्जाने आपली नदी वाचवली.' कुठे वाचवली हो? 2017 मध्ये पूर आला, 2019 मध्ये पुन्हा आला. वाळूच्या पिशव्या उचलून माझी कंबर गेली ती गेलीच. पूर दर्जाने थांबत नाही हे मलाही कळतं, पण मग त्याच्या नावाने आरत्या तरी ओवाळू नका. राजधानी ओटावात जोराचा पाऊस झाला की मैलापाणी थेट नदीत जायचं. ते कमी केलं कोणी? शहराने जमिनीखाली बोगदे खणले, 43,000 घनमीटर पाणी साठवणारे. 23 कोटींहून जास्त डॉलर लागले, 2020 मध्ये सुरू झाले. त्याला खड्डा खणावा लागतो, भाषण पुरत नाही. आम्ही येडे दरवर्षी गणपती बादलीत विरघळवतो, नदीत माती नको म्हणून!

आणि सगळ्यात विनोदी भाग म्हणजे नदी 1,271 किलोमीटरची, पण वारसा आहे तो फक्त आमच्या ऑन्टारियो प्रांताच्या बाजूचे 590 किलोमीटर. समोरचा काठ क्वेबेक प्रांताचा, आणि क्वेबेक या योजनेतच नाही. म्हणजे मी कॅनो घेऊन निघालो की मधोमध कुठेतरी वारसा संपतो. डावं वल्हं वारशात, उजवं साध्या पाण्यात. यावर मात्र काल एक शब्द नाही.

मग चर्चा कशावर? अक्षरांवर. इंग्रजी वर की फ्रेंच वर, आणि इथल्या मूळ रहिवाशांचं, अल्गॉनक्विन लोकांचं नाव 'किची सिबी' कुठे बसवायचं. ते म्हणे खाली, बारीक. अरे, फ्रेंच शोधप्रवासी शॅम्प्लेन इथे 1613 मध्ये आला, त्याच्या कितीतरी आधीपासून ही माणसं तिला 'मोठी नदी' म्हणताहेत. नाव वर लिहा आणि मोकळे व्हा, एका मिनिटाचं काम आहे! त्याला चाळीस मिनिटं. एका सदस्याने तर पाटीचा नमुना फोनवर मोठा करून करून दाखवला, आणि पाटीचा हिरवा रंग पाइनच्या झाडांत दिसणार नाही म्हणून वेगळी सूचना मांडली. तिला अनुमोदनही मिळालं.

नदीच्या वरच्या अंगाला चॉक रिव्हर हे अणुसंशोधन केंद्राचं गाव आहे. तिथे नदीपासून जेमतेम किलोमीटरभर अंतरावर किरणोत्सारी कचऱ्याचा ढिगारा करायला जानेवारी 2024 मध्ये अणुसुरक्षा आयोगाने मंजुरी दिली. आम्ही खालच्या अंगाला. हा विषय निघाला तेव्हा अध्यक्ष म्हणाले, तो आपल्या अधिकारात येत नाही. हिरवा रंग येतो!

पाटीचा निर्णय पुढच्या महिन्यावर ढकलला. धक्क्यावर जाळीच्या जागी बर्फ वितळल्यापासून एक नारिंगी कोन उभा केलाय. काल वाऱ्याने आडवा पडला होता. अंधारात मोबाइलचा टॉर्च लावून मीच उभा केला आणि आत एक दगड ठेवला.