चाळीस हजारांचा नाद

एक मेसेज गेल्या दोन आठवड्यांत तीन दारांनी माझ्याकडे आला. आधी कोल्हापुरात रंकाळ्यावर फिरायला येणाऱ्यांच्या ग्रुपवर, मग भाच्याकडून, शेवटी बैठकीच्या गाण्याला जमणाऱ्या मंडळींकडून. मथळा असा: ‘मोबाईलवर गाणी ऐकणं म्हणजे पाणी घातलेला तांबडा रस्सा.’ खाली उपदेश: फोनची चिप टाकाऊ, गाण्यांसाठी वेगळा प्लेअर हवाच. २४ बिट-१९२ किलोहर्ट्झ नसेल तर ते संगीतच नव्हे. ओहम (विजेला होणारा अडथळा) जास्त तेवढा हेडफोन भारी. नवा हेडफोन २०० तास वाजवून ‘पिकवायचा’. जुनी एमपीथ्री गाणी फ्लॅकमध्ये (आवाज न गाळणाऱ्या फाईलमध्ये) बदलून घ्यायची. आणि बजेट किमान चाळीस हजार. आमच्या एका दोस्तानं दिवाळीच्या बोनसवर डोळा ठेवून प्लेअरही निवडलाय, म्हणून हे लिहायला बसलो.

रश्शाची उपमा झकास आहे, हे आधीच कबूल करतो.

आता चिप. पूर्वी स्वस्त फोनला इअरफोन लावला की गाणं थांबल्यावरही बारीक सूं-सूं यायची, हे खरं. आज बऱ्याचशा फोनना पिनेचं भोकच उरलेलं नाही. आयफोननं ते २०१६ साली काढलं, बाकीचे मागोमाग गेले. त्यामुळे तारेचा इअरफोन लावायचा तर यूएसबी-सीचं डोंगल लागतं, आणि चांगल्या डोंगलच्या बोटभर शेपटीतच डॅकची, म्हणजे फाईलमधल्या आकड्यांचा आवाज करणारी, चिप बसवलेली असते. म्हणजे फोनची चिप चांगली की वाईट हा वादच तिथे संपतो. हजार-दोन हजारांत साध्या इअरफोनला पुरून उरेल असं काम होतं. फक्त चिप असलेलंच घ्या. दोनशे रुपयांचं नुसत्या तारेचं डोंगल पुष्कळ फोनवर वाजतच नाही.

‘पण मला फरक स्पष्ट ऐकू आला!’ मलाही आला होता. सहा वर्षांपूर्वी मीच एक महागडा प्लेअर घेतला आणि घरात सगळ्यांना बोलावून बोलावून ऐकवला. मग भाच्यानं डाव टाकला. मल्टिमीटरनं फोनचं डोंगल आणि प्लेअर दोन्हींचं व्होल्टेज, म्हणजे आवाजाची पातळी, सारखं केलं, माझ्या डोळ्यांवर बायकोची ओढणी बांधली आणि वीस वेळा विचारलं, ‘मामा, आता कुठलं?’ अकरा बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी दहाएक आलीच असती. आवाज एखाद्या डेसिबलनं चढा असला तर कानाला तो चढा वाटत नाही, सरस वाटतो. दुकानात ऐकताना हीच गफलत होते. गुजरीत, सराफांच्या पेठेत, सोनं घासून बघणारे आपण, इथे मात्र डब्याचं वजन हातात तोलून ‘व्वा’ म्हणतो.

तो प्लेअर मी विकलेला नाही, हेही सांगतो. तासाभराचा बडा ख्याल ऐकताना मध्येच बँकेचा फोन येत नाही, मेमरी कार्डावर सगळा साठा मावतो, फोनची बॅटरी उरते. या सोयींसाठी प्लेअर जरूर घ्यावा. सोयीचे पैसे मात्र आवाजाच्या नावावर मांडू नयेत.

२४ बिट-१९२ बद्दल सविस्तर बोलायला हवं, कारण मंडळी सगळ्यात जास्त फसतात ती इथे. मेसेज म्हणतो, सीडीच्या दर्जात आवाज ‘पायऱ्यापायऱ्यांचा’ होतो. सोबत पायऱ्यांचं चित्रही आहे. ते चित्र अर्धवट आहे. सीडीत आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेतात (१९२ किलोहर्ट्झ म्हणजे तेच १,९२,०००), आणि त्यांतून २२ हजार हर्ट्झपर्यंतची लहर पूर्ण परत उभी करता येते. डॅकमधून बाहेर पडताना पायऱ्या उरत नाहीत, गुळगुळीत लहरच निघते. माणसाचा कान तरुणपणी फार तर २० हजारांपर्यंत जातो. पन्नाशीनंतर १५ हजारांच्या वरचं बहुतेकांना ऐकूच येत नाही. त्यात ज्यानं विसर्जनाच्या मिरवणुकीत डॉल्बीच्या भिंतीपुढे रात्र काढलीय, त्यानं १९२ किलोहर्ट्झचा आग्रह धरावा म्हणजे कमालच. बिटांचंही तेच. सीडीत एकेक नमुना १६ बिटांत नोंदतात, त्यांत सगळ्यात हळू ते सगळ्यात मोठा असा ९६ डेसिबलचा आवाका मिळतो. २४ बिट स्टुडिओत ध्वनिमुद्रण करताना उपयोगी पडतात, कारण पातळी ठरवताना चुकायला जागा राहते. मेयर आणि मोरान या दोघांनी २००७ मध्ये अमेरिकेत चाचणी घेतली. वरच्या दर्जाचा आवाज थेट आणि सीडीच्या दर्जातून गाळून, असा अदलून बदलून ऐकवला. ५५४ पैकी २७६ उत्तरं बरोबर आली. म्हणजे निम्मीसुद्धा नाहीत.

आपल्या गावाला जवळचं उदाहरण घ्या. शाहू महाराजांच्या दरबारी असलेल्या अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकर. त्यांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेली. त्या पिढीचं बरंचसं गाणं ७८ आरपीएमच्या तबकड्यांवर, एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं असं उरलंय. अशी तबकडी १९२ किलोहर्ट्झमध्ये उतरवली की सुईची खरखर फार इमानानं जपली जाते, बाईंचा षड्ज होता तेवढाच राहतो. फाईल मात्र सीडीच्या साडेसहा पट फुगते. चांगल्या प्रतीवरून, जाणत्या माणसानं उतरवलेली साधी सीडी मी त्यापेक्षा कधीही घेईन.

ओहमचा मुद्दा तर सरळ चुकीचा आहे. ओहम हा दर्जाचा शिक्का नव्हे. तो वाढला की तेवढ्याच आवाजासाठी जास्त व्होल्टेज लागतं, इतकंच. सोनीचा एमडीआर-७५०६ कित्येक वर्षं स्टुडिओंत राबतोय, तो ६३ ओहमचा. ऑडिओ-टेक्निकाचा एम५०एक्स ३८ चा. सेन्हायझरचा एचडी ६०० हा ३०० ओहमचा आहे आणि उत्तम आहे, पण ३०० मुळे उत्तम नाही. बायरडायनॅमिक तर डीटी ८८० हे एकच मॉडेल ३२, २५० आणि ६०० ओहममध्ये विकत आलंय. ओहमच्या शेजारी सेन्सिटिव्हिटीचा, म्हणजे ठरावीक वीज दिली की किती आवाज निघतो त्याचा, आकडा छापलेला असतो, तोही बघा. दोन्ही मिळून फोनवर हेडफोन पुरेसा वाजेल का ते कळतं. शिवाय एचडी ६०० उघड्या पाठीचा आहे, आवाज आत-बाहेर जातो. केएमटीच्या बसमध्ये घालून बसलात तर कंडक्टरला तुमची गाणी आणि तुम्हाला कंडक्टर, दोन्ही फुकट.

मेसेजमध्ये अवाक्षर नाही ते कानात घालायच्या रबरी टोप्यांबद्दल. डब्यात लहान-मध्यम-मोठ्या अशा तीन जोड्या येतात. आपण मधली लावून मोकळे होतो. टोपी कानात घट्ट बसली नाही की खालचा सूर गळून जातो. तबल्याचा डग्गा पत्र्यासारखा वाजतो आणि माणूस ‘बेस नाही’ म्हणून नवा इअरफोन शोधायला लागतो. माझ्या उजव्या कानाला मधली लागते, डाव्याला मोठी. हे कळायला मला तीन इअरफोन विकत घ्यावे लागले.

‘पिकवण्या’चा हिशेब करा. रोज ८ तास धरले तरी २०० तासांना २५ दिवस. परत करायची मुदत बहुधा ७ ते १० दिवसांची. तोवर पिकतो तो आपला कान, त्याला त्या आवाजाची सवय होते. आणि एमपीथ्री फ्लॅकमध्ये बदलणं म्हणजे पिठातून पुन्हा जोंधळा निवडणं. फाईल मोठी होते, गेलेलं परत येत नाही.

खरी गंमत मेसेजच्या शेवटच्या ओळीत आहे. चाळीस हजारांचा प्लेअर सुचवून झाल्यावर लिहिलंय, ‘सोबत हा ब्लूटूथ हेडफोन घ्या.’ ब्लूटूथवर प्लेअरची चिप वापरलीच जात नाही. आवाज आकड्यांच्याच रूपात, दाबून, हवेतून जातो आणि हेडफोनच्या आत बसलेल्या छोट्या चिपेवर उलगडतो. सीडीचा ओघ सेकंदाला १,४११ किलोबिटचा, आणि ब्लूटूथवर आवाज दाबून पाठवायच्या एलडॅक या पद्धतीची कमाल ९९० ची. ऐकायला ते वाईट नाही, चालता-फिरता मीही तेच वापरतो. पण मग प्लेअर नेमका करणार काय? हे दोस्ताला विचारलं. तो म्हणाला, ‘भावा, हे आधी सांगायचं न्हवं का, ॲडव्हान्स दिलाय.’