‘रात्री शेतात लाईट लावा, उत्पादन दुप्पट’: या दाव्यात काय चुकतं

शेवंतीच्या किंवा ड्रॅगन फ्रूटच्या शेतात रात्री शेकडो बल्ब लागलेले असतात, त्यांचे व्हिडिओ सगळीकडे फिरतात. सोबतचा मजकूर साधारण असा: लाईट लावली की झाडाला दिवसच वाटतो, ते रात्रभर अन्न तयार करतं, कोणतंही पीक असो, कोणताही एलईडी रात्रभर लावा, उत्पादन दुप्पट. बल्ब खरे आहेत आणि तंत्रही खरं आहे. कारण मात्र चुकीचं सांगितलं जातं, आणि त्यामुळे पीक, दिवा, वेळ या सगळ्यांची निवड चुकते.

‘झाड रात्रभर अन्न तयार करतं’

आकडे मांडून पाहू. भर दुपारी उघड्या शेतात साधारण १,००,००० लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड असतो. शेवंतीवर रात्री लागतो तो शेंड्यापाशी १०० लक्सच्या आसपास, म्हणजे हजारावा भाग. असा दिवा चार तास चालला तरी पिकाला मिळालेला एकूण उजेड भर उन्हाच्या जेमतेम पंधरा सेकंदांइतका भरतो. पान श्वसनात जे खर्च करतं तेवढं भरून काढायलाच उन्हातल्या पिकांना हजार-दोन हजार लक्स लागतात. १०० लक्समध्ये पान तोट्यातच असतं.

मग दिवा करतो काय? तो रात्र तोडतो. फुलण्याचा संबंध दिवसाच्या लांबीशी आहे, हे गार्नर आणि अॅलर्ड या शास्त्रज्ञांनी १९२० मध्ये अमेरिकेत तंबाखूच्या ‘मेरीलँड मॅमथ’ जातीवर दाखवलं. १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी झॅन्थियम या तणावर पुढची गोष्ट सिद्ध केली: झाड मोजतं ते सलग अंधाराचे तास. लांब रात्रीच्या मध्येच थोडा उजेड पाडला की ते तण फुलत नाही.

हे मोजमाप पानातल्या फायटोक्रोम नावाच्या प्रथिनातून होतं. ६६० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासच्या लाल प्रकाशाने ते जागं होतं, ७३० च्या आसपासच्या दूर-लाल (लालच्या पलीकडच्या, डोळ्याला जेमतेम दिसणाऱ्या) प्रकाशाने निष्क्रिय होतं, आणि अंधारातही त्याचा प्रभाव हळूहळू ओसरतो. शेवंतीत मध्यरात्री ते जागं केलं, तर पान फुलणं रोखणारं एक प्रथिन बनवतं; जपानी संशोधकांनी ते २०१३ मध्ये ओळखलं. म्हणजे शेवंतीतले दिवे फूल आणण्यासाठी नसतातच. ते कळी थांबवण्यासाठी असतात. पुण्यात जूनमधला मोठ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास, डिसेंबरमधला अकरा तासांचा. सप्टेंबरनंतर लावलेलं रोप वीतभर असतानाच कळी धरू लागतं. दिवा त्याला दांडा वाढवायला वेळ मिळवून देतो.

‘कोणत्याही पिकाला चालतं’

इथे खरं नुकसान होतं. सोयाबीनही लांब रात्रीला फुलणारं पीक आहे. रस्त्याच्या दिव्याखालचा किंवा हाय-मास्टजवळचा सोयाबीनचा पट्टा बाकी शेत पिवळं पडलं तरी हिरवाच राहतो, शेंगा उशिरा पक्व होतात आणि काढणी एका वेळी करता येत नाही. शेवंतीच्या शेजारी सोयाबीन असेल तर त्या बाजूच्या दिव्यांना आडोसा लावाच. टोमॅटोचं फुलणं दिवसाच्या लांबीवर फारसं अवलंबून नाही, त्यामुळे फायदा नाही. उलट चोवीस तास चांगला प्रखर उजेड दिला तर त्याची पानं पिवळी पडतात. ड्रॅगन फ्रूट शेवंतीच्या उलट, लहान रात्रीला फुलणारं. एकच दिवा ड्रॅगन फ्रूटला कळी आणतो, शेवंतीची कळी अडवतो.

‘कोणताही दिवा चालेल’

ज्यात लाल भाग चांगला आहे तोच चालेल. जुने पिवळे बल्ब यासाठीच चालत. पण त्यांच्यात दूर-लालही भरपूर असतो आणि वीज फार जाते. आता लाल किंवा उबदार पांढरे एलईडी घ्यावेत. नुसते निळे दिवे या कामाला कमजोर पडतात. एक खबरदारी: लक्समीटर माणसाच्या डोळ्याप्रमाणे मोजतो, त्यामुळे निव्वळ लाल दिव्याखाली आकडा कमी दिसतो, १०० लक्सचा हिशोब पांढऱ्या दिव्यापुरताच धरा.

मोजणी दिव्याखाली करू नका. दोन ओळींच्या मधल्या, सगळ्यात अंधाऱ्या जागी, शेंड्याच्या उंचीवर मीटर धरा. एकट्या दिव्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाईवर येतो, म्हणून शेताच्या कडेला पहिल्यांदा कळ्या दिसतात.

‘रात्रभर लावा’

गरज नाही. रात्री १० ते २ हे चार तास शेवंतीला पुरतात. त्या वेळेत दर अर्ध्या तासाला ६ मिनिटं चालू, २४ मिनिटं बंद असंही चालतं, आणि वीज पाचव्या हिश्शावर येते.

घोळ बहुतेक वेळा टायमरमध्ये होतो. साधा यांत्रिक टायमर वीज गेली की थांबतो आणि वीज आली की तिथूनच पुढे चालतो. दोन-तीन वेळा वीज गेली की १० चे दिवे पहाटे लागतात. बॅटरी असलेला डिजिटल टायमर घ्या. ओळीने काही रात्री दिवे चुकले तर वेळेआधी कळी बसते, आणि नंतर दिवे लावूनही दांडा नीट वाढत नाही.

‘उत्पादन दुप्पट’

दिवा हंगाम सरकवतो. शेवंतीचे दिवे दांडा ३०–४० सेंटीमीटर झाल्यावर बंद केले की जातीप्रमाणे ७ ते १० आठवड्यांत फूल येतं, म्हणून बंद करण्याची तारीख बाजाराच्या तारखेवरून मागे मोजून ठरवा. ड्रॅगन फ्रूटमध्ये हंगाम संपल्यावर बहर मिळतो, पण ऊब हवी; कडाक्याच्या थंडीत दिवे लावले तरी कळ्या उशिरा येतात किंवा येतच नाहीत. त्या आठवड्यांचं वीजबिल मात्र भरावंच लागतं.