टेलोमिअर आखूड, तरी पेशी थांबत का नाही? फोंड्याहून आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

गर्भाशयमुखाच्या पेशी, एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागचा विषाणू) आणि टेलोमिअर (गुणसूत्रांच्या टोकांवरची संरक्षक टोपणं) या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय: "संसर्ग झालेल्या पेशीत टेलोमिअर आखूड होतात म्हणता, आणि पुढे तीच पेशी अमर होते म्हणता. दोन्ही खरं कसं? असं अर्धवट सांगून बायकांना घाबरवू नका." जीवशास्त्र शिकवलेल्या माणसालाच सुचेल असा प्रश्न आहे. पण दोन्ही खरं आहे, आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची सगळी गोम तिथेच आहे.

टेलोमिअर दर विभाजनाला थोडे झिजतात. फारच आखूड झाले की पी-५३ हे प्रथिन विभाजन थांबवतं. "पेशी म्हातारी होऊन थांबायला हवी" हे तुमचं म्हणणं इथवर अगदी बरोबर. एचपीव्हीचा १६ किंवा १८ हा प्रकार नेमका इथेच हात घालतो. त्याचं ई-७ प्रथिन पेशीला विभाजनात ढकलतं आणि ई-६ प्रथिन पी-५३ नष्ट करतं. मग आखूड टेलोमिअर घेऊनही पेशी दुभंगत राहते. उघडी पडलेली टोकं एकमेकांना चिकटतात, गुणसूत्रं तुटतात, पुन्हा भलत्याच ठिकाणी जुळतात. बहुतेक पेशी या गोंधळात मरतात. एखादी निभावते, कारण तिच्यात टेलोमिअरची झीज भरून काढणारं टेलोमरेज हे विकर (एन्झाइम) जागं झालेलं असतं. ते जागं करण्यातही ई-६चा हात असतो.

इथे एक बारकावा आहे. टेलोमरेज सुरू झालं म्हणजे टेलोमिअर पुन्हा लांबलचक होतात असं नाही. कर्करोगाच्या पेशींत ते बहुधा आखूडच असतात, फक्त आणखी झिजत नाहीत. १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स यांच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून घेतलेल्या हेला पेशी आजही प्रयोगशाळांत वाढताहेत. त्यांच्यात एचपीव्ही-१८ आहे, आणि माणसाचं टेलोमरेज १९८९ मध्ये पहिल्यांदा सापडलं तेही याच पेशींत.

"मग लांबी मोजून निदान का करत नाहीत?" हा तुमचा उपप्रश्न मला जास्त आवडला. स्मिअरमध्ये, म्हणजे गर्भाशयमुखावरून पुसून घेतलेल्या नमुन्यात, वरच्या थरातल्या झडलेल्या पेशी असतात, आतल्या ग्रंथींच्या असतात, सूज असेल तर पांढऱ्या पेशीही भरपूर. सगळ्यांची मिळून सरासरी काढणं म्हणजे बांगडे आणि तारले एकाच पाटीत घालून माशाची लांबी सांगणं. शिवाय एकदाच घेतलेल्या नमुन्यावरून संसर्गामुळे टेलोमिअर झिजले, की आधीच झिजलेल्या पेशीत संसर्ग टिकून राहिला, हे ठरवता येत नाही. म्हणूनच लेखात मी "संबंध दिसतो" असं लिहिलं होतं, "विषाणू झिजवतो" असं नाही. पुन्हा वाचून पाहा.

सुनेसाठी तुम्ही जाहिरातीतल्या रक्ताच्या टेलोमिअर चाचणीबद्दल विचारलंय. त्यात रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजतात. गर्भाशयमुखात काय चाललंय ते त्यावरून कळत नाही. ते पैसे वाचवा. तिने तिशी ओलांडली असेल तर एचपीव्ही चाचणी किंवा पॅप स्मिअर करून घ्या. पॅप स्मिअर बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) स्त्रीरोग विभागातही होतो. एचपीव्ही चाचणीचा पुरावा तर आपल्या शेजारच्या महाराष्ट्रातलाच आहे: तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या लाखाहून अधिक बायकांवर अभ्यास झाला, निकाल २००९ मध्ये आला. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले.

राहिली घाबरवण्याची गोष्ट. "चांगल्या घरच्या बायकांना हे कशाला" हे तुमचं वाक्य मात्र मला खटकलं, सर. लैंगिक संबंध आलेल्या बहुतेक माणसांना हा विषाणू कधी ना कधी गाठतो. बाईला एकच नवरा असला तरी नवऱ्याचं पूर्वायुष्य विषाणू विचारत नाही. आणि दहापैकी नऊ संसर्ग दोनेक वर्षांत आपोआप जातात, हे लेखाच्या दुसऱ्याच परिच्छेदात आहे. धोका आहे तो वर्षानुवर्षं टिकून राहणाऱ्या संसर्गाचा.

तेव्हा सुनेचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर त्याला कर्करोग समजू नका. १६ किंवा १८ निघाला तर डॉक्टर कॉल्पोस्कोपी (भिंगातून गर्भाशयमुखाची तपासणी) सांगतील, ती टाळू नका. बाकी प्रकारांत पुढे काय करायचं ते स्मिअर पाहून ठरवतात.