सदर इसम पत्रकार आहे

एकोणीस वर्षं मी तालुक्याच्या बातम्या देतोय. टँकर, बिबट्या, कांदा, भूमिपूजन, पुन्हा टँकर. मी पत्रकार आहे हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. लग्नपत्रिकेवर माझ्या नावापुढे कंसात 'पत्रकार' लिहितात. आहेर नको, फोटो छापून यावा एवढीच माफक अपेक्षा. ठाऊक नव्हतं ते फक्त महाराष्ट्र शासनाला.

शासनाला कळावं म्हणून अधिस्वीकृतीचा अर्ज करायचा असतो. हा शब्द उच्चारताना कवळी सांभाळावी लागते. आई अजून 'ते स्वीकृत नगरसेवकाचं कार्ड' म्हणते. अर्ज जिल्ह्याला द्यायचा, तिथून तो विभागीय समितीपुढे जातो आणि नशिबात असेल तर कार्ड येतं. कार्ड आलं की एसटी फुकट. रेल्वेतही सवलत होती, पण ती मार्च 2020 मध्ये कोरोनाबरोबर गेली. कोरोना परत आला, ती नाही आली.

पहिला कागद नियुक्तीपत्राचा. आवृत्तीप्रमुखांना फोन केला.

"नियुक्तीपत्र? अरे, तू तर घरचा माणूस!"

घरच्या माणसाला नियुक्तीपत्र नसतं. पगारही नसतो, छापून आलेल्या मजकुराच्या सेंटिमीटरवर मानधन असतं. वर्धापनदिनाच्या पुरवणीसाठी जाहिरातींचं टार्गेट मात्र परक्यासारखं चोख असतं. पंधरा दिवस मिनतवाऱ्या केल्यावर पत्र मिळालं, दीड पान जाहिरातीच्या बदल्यात.

मग कात्रणं. माळ्यावरून गठ्ठे काढले, मुलीला शिंका सुरू झाल्या, बायकोने 'रद्दीवाला सोमवारी येतो' हे वाक्य हवेत सोडून दिलं. बातम्या सगळ्या माझ्याच. पण वर काय? 'वार्ताहर'. 'प्रतिनिधी'. मंत्री आले असतील तर 'विशेष प्रतिनिधी', आणि तोही मीच. एकोणीस वर्षांत माझं नाव दोनदा छापून आलं. एकदा बिबट्याच्या बातमीवर, तेही चुकीचं. दुसऱ्यांदा अगदी अचूक, संपूर्ण नाव, मागे 'पत्रकार' लावून: वडील गेले तेव्हा, 'यांचे वडील' म्हणून. मी ते कात्रण जिल्ह्याच्या कार्यालयात टेबलावर ठेवलं. पलीकडच्या बाईंनी ते नीट वाचलं, चष्मा काढला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊ, यात बातमी वडिलांची आहे."

त्यांच्या मागे भिंतीवर बाळशास्त्री जांभेकर. त्यांनी 6 जानेवारी 1832 ला 'दर्पण' काढलं, म्हणून त्या दिवशी पत्रकार दिन असतो आणि आम्ही त्यांना हार घालतो. माझ्या मनात आलं, हे आज अर्ज घेऊन आले असते तर? अनुभव? नाही, पहिलाच अंक. नियुक्तीपत्र कोण देणार, स्वतःच? बाई, यांनाही परत पाठवा.

संपादकांनी शेवटी 'प्रतिनिधी म्हणजे हाच' असं पत्र दिलं आणि फाइल पडताळणीसाठी पोलिसांकडे गेली. हवालदार घरी आले. ओळखीचेच. मागच्याच उन्हाळ्यात ठाण्याच्या आवारातून जप्तीचा वाळूचा ट्रॅक्टर नाहीसा झाल्याची बातमी मी दिली होती. चहा झाला. दुसरा झाला. मग त्यांनी सहज विचारलं,

"ती ट्रॅक्टरची बातमी तुमचीच ना?"

"प्रतिनिधीची," मी म्हणालो. एकोणीस वर्षांत तो शब्द पहिल्यांदाच कामी येत होता.

"असं. म्हणजे तुम्ही बातम्या देत नाही. तसं लिहू?"

कपबशीचा आवाज तेवढा ऐकू येत होता. स्वयंपाकघरातून बायको डोळे वटारत होती.

"माझीच आहे," मी म्हणालो.

हवालदारांनी पेन काढलं आणि समाधानाने लिहिलं: सदर इसम पत्रकार आहे.

कार्ड यायला अख्खा पावसाळा गेला. आलं तसं तिघं एसटीने मावशीकडे निघालो. कार्ड हातातच धरलं होतं, खिडकीच्या उजेडात. कंडक्टर आले.

"आजी पंच्याहत्तरच्या पुढच्या? फुकट. वहिनींना निम्मं. तुमचं?"

आईने आधार कार्ड दाखवलं, बायकोने तेही नाही. ती फक्त बाई होती, तेवढं पुरलं. मी माझी एकोणीस वर्षं पुढे केली. त्यांनी कार्ड उलटसुलट केलं, फोटो पाहिला, मला पाहिलं, शून्य रुपयांचं तिकीट फाडलं आणि माझ्याच शेजारी टेकले.

"पत्रकार का? मग या गाडीचं छापा की. पाऊस आला की मागच्या तीन सीटवर धार लागते. फक्त माझं नाव टाकू नका."

"काळजी करू नका," मी म्हणालो. "आमच्यात कुणाचंच टाकत नाहीत."