गोळ्यांना ‘रेट्रो’ म्हणू नका

आज डोकंच फिरलंय. कोथरूडमधल्या एका चकाचक दुकानात काचेची बरणी बघितली, गळ्याला सुतळी, वर ‘रेट्रो मेमरीज’ असं लेबल आणि आत लिमलेटच्या, श्रीखंडाच्या, बडीशेपेच्या गोळ्या सगळ्या एकत्र कोंबलेल्या. 399 रुपये! आणि श्रीखंडाच्या गोळीला बडीशेपेचा वास. अरे वेगवेगळ्या बरण्यांत ठेवतात ते, पेठेतल्या कुठल्याही वाण्याला विचारा.

मला या ‘रेट्रो’ शब्दाचाच राग येतो. मी चाळीशी ओलांडून गोळ्या खातो ते काय लहानपण आठवून रडायला? चव आवडते म्हणून खातो बाबा.

आमची आत्या शनिवार पेठेतल्या वाड्यात संक्रांतीचा हलवा घरी करायची. शेगडीवर परात, आच अगदी मंद, परातीत खसखस, आणि त्यावर चमच्याने थेंब थेंब पाक सोडत बोटांनी हलवत बसायचं. दोन-तीन दिवस चालायचं हे. घाई केली की काटा येत नाही, नुसते गोळे होतात. मी आठ वर्षांचा, परातीत हात घातला तर उलथन्याचा फटका बसला होता, अजून आठवतो. पण तो काटा जिभेवर टोचून मग विरघळतो ना, त्याला रेट्रो म्हणणाऱ्याने आधी एकदा करून बघावा.

बरं, चांगल्या गोष्टी लोक विसरत नाहीत हेही खरंय. रोला कोला, ती कोलाच्या चवीची गोळी, बंद झाली होती, लोक मागेच लागले म्हणून पार्लेने 2019 ला परत आणली. रावळगाव बघा, मालेगावजवळचा वालचंद हिराचंदांचा साखर कारखाना, 1933 चा, त्यांच्या गोळ्यांवर दोन पिढ्या वाढल्या, आणि 2024 मध्ये ते ब्रँड रिलायन्सकडे गेले 27 कोटींना. 27 कोटी! पुण्यात तेवढ्यात धड एक बिल्डिंग होत नाही. रावळगावच्या त्या पान पसंद गोळीची एवढीच किंमत?

साखर वाईट, दात किडतात, मान्य. पुढे.

गेल्या संक्रांतीला आत्याकडे विकतचा हलवा घेऊन गेलो होतो. आता डोळ्यांना नीट दिसत नाही तिला. अंगठ्याने दाणा चाचपला आणि म्हणाली, “काटा कुठाय रे याला? साबुदाण्यावर केलाय मेल्यांनी.” मग चार दाणे खाल्ले, शुगर असून. मी काही बोललो नाही.

हो, ती बरणी घेतली मी शेवटी. हसा. आत्ता वाट्या घेऊन गोळ्या निवडत बसलोय, श्रीखंडाच्या वेगळ्या काढल्या तरी बडीशेपेचा वास जात नाहीये. आणि खसखशीवरचा, हाताने केलेला हलवा पुण्यात कोण करून देतं, माहीत असेल तर सांगा. नोव्हेंबरातच ऑर्डर देतो, आत्याला दाखवायचाय.