हातभर पाइप आणि बोटभर प्लग

शंभर-सव्वाशे रुपयांचा स्पार्क प्लग बसवताना ज्यांनी माझ्या स्कूटरच्या इंजिनाच्या झाकणाचे, म्हणजे हेडचे, आटे खाल्ले, त्यांच्याविषयी काही लिहिण्यापूर्वी मी आठवडाभर थांबलो, कारण राग निवल्यावर लिहावे असे वडीलधारे सांगत असत. राग निवलेला नाही.

गेल्या रविवारी सकाळी, इंजिन पुरते थंड असताना, मी प्लग काढायला बसलो. पाना चढवून जोर दिला तरी काही हलेना. पुन्हा दिला, तेव्हा गंजलेल्या बिजागरीसारखा करकरत तो फिरू लागला आणि शेवटी हातात आला तो हेडचे ॲल्युमिनियम सोबत घेऊनच. प्लगच्या आट्यांत अडकलेली ती चकचकीत, केसासारखी तार मी बोटाने उलगडून पाहिली. वॉशर चेपून पत्र्याची चकती झाला होता.

हे पाप तीन महिन्यांपूर्वीच्या सर्व्हिसिंगचे, आणि ते घडताना मी समोरच उभा होतो. तिथल्या मुलाने प्लग हाताने दोन फेरेसुद्धा न फिरवता थेट पान्यानेच आत ढकलला, मग पान्याच्या दांड्यात हातभर पाइप घातला आणि खालचा ओठ दातांत धरून असा काही रेटा दिला की स्कूटर स्टँडवर डुलली. मी "अरे, बस कर" म्हणालो. त्यावर "टाइट नको का, काका?" असे त्याने ज्या करुणेने विचारले, ती करुणा मला आजही झोंबते.

मी तो प्लग घेऊन गॅरेजच्या मालकाकडे गेलो. त्याने तो उजेडात धरला, फुंकर मारली आणि निर्णय दिला, "तुमच्या हेडचं मटेरियलच हलकं आहे, साहेब." थोड्या वेळाने, चहा संपल्यावर, "पण घरी उघडायची गरजच काय होती?" म्हणजे त्यांनी आटे मारले हा गुन्हा नव्हे, मी ते पाहिले हा गुन्हा. आणि मी निघताना, पाठीवर हात ठेवून, "सैल ठेवला असता ना, तर उडाला असता." अहो, सैल ठेवा असे म्हटले कोणी? सैल प्लग वाईटच. त्याची उष्णता वॉशर आणि आट्यांतूनच हेडमध्ये उतरते, ती उतरली नाही तर प्लग तापून लाल होतो आणि ठिणगीची वाट न पाहता पेट्रोल पेटवू लागतो. पण सैल आणि पाइप यांच्या मधे काही जागा आहे की नाही? या 10 मिलिमीटर आट्याच्या प्लगला 10 ते 12 न्यूटन-मीटर पुरतात, म्हणजे वीतभर दांड्यावर जेमतेम सहा किलोंचा दाब. दांडा तिप्पट लांब केला की त्याच दाबाने पीळ तिप्पट बसतो, आणि त्या मुलाचा दाब सहा किलोंचा नव्हता. नवा प्लग वॉशर टेकेपर्यंत बोटांनी फिरवायचा आणि मग पान्याने साधारण अर्धा फेरा द्यायचा. जुनाच परत बसवत असाल तर तासकाटा एका आकड्यावरून पुढच्या आकड्यावर जातो तेवढेच वळण. त्याहून जास्त पिळला तर आटे तरी जातात, नाहीतर प्लगचे धातूचे कवच ताणले जाऊन आतला चिनी मातीचा भाग ढिला पडतो.

पण आपल्याकडे "फिट" हा एकच शब्द आहे, आणि त्याला मोजमाप नाही. ऑइलचा ड्रेन बोल्ट उघडताना हातोडी मागवावी लागते. पंक्चरवाला हवेच्या गनने कारचे नट असे आवळतो की रस्त्यात स्टेपनी बदलायची वेळ आलीच तर पान्यावर उभे राहून उड्या माराव्यात. शिवाय एक ग्रीसप्रेमी मिस्त्री आहेत, जे प्रत्येक प्लगच्या आट्यांना प्रेमाने ग्रीस फासतात आणि मग नेहमीच्याच जोराने आवळतात. घसट कमी झाल्यामुळे तो जोर जास्त बसतो, हे सांगू गेले की "पुढच्या वेळी सहज निघेल" असे उत्तर मिळते.

हेड उतरवून आट्यांत हेलिकॉइल, म्हणजे नव्या आट्यांची तारेची गुंडाळी, बसवायला 1,800 रुपये गेले. त्याच तिरमिरीत मी टॉर्क रेंच, म्हणजे पीळ मोजून आवळणारा पाना, विकत घेतला, शेजाऱ्यांना दाखवला, शास्त्रशुद्ध कामावर दहा मिनिटे बोललो, आणि मग त्यावरचे आकडे वाचले. त्याची सुरुवातच 28 न्यूटन-मीटरपासून होते. कारच्या नटांसाठी उत्तम आहे म्हणतात, आणि कार माझ्याकडे नाही.

शेवटी प्लग बोटांनीच बसवला, अर्धा फेरा दिला आणि वर आलो. रात्री साडेदहाला, तो अर्धा फेरा नीट अर्धा होता का या शंकेने झोप येईना, तेव्हा विजेरी आणि पाना घेऊन पार्किंगमध्ये उतरलो. टोपण काढून, पाना चढवून, फक्त किंचित, अगदी नखभर, पुढे रेटणार इतक्यात मागून वॉचमनने अदबीने विचारले, "पाइप देऊ का, साहेब?"