हप्ता कमी म्हणजे विमा स्वस्त असं नाही
आरोग्य विम्यावरच्या लेखात छोट्या शेतकऱ्याला ‘सर्वांत कमी हप्त्याची पॉलिसी घ्या’ असा सल्ला दिलाय, तो मला पटला नाही. हप्ता कमी असतो तेव्हा बऱ्याचदा डिडक्टिबल मोठं असतं, म्हणजे बिलाची पहिली मोठी रक्कम आपल्याच खिशातून जाते. पगारदाराला ते एक वेळ जमेल. पण पेरणी झाली की आपल्या हातात काही उरत नाही आणि आजारपण पीक निघेपर्यंत थांबत नाही.

त्यापेक्षा हप्त्याची तारीख सुगीनंतर येईल अशा बेताने पॉलिसी सुरू करा. ही गोष्ट फार मोलाची आहे, कारण हप्त्याची तारीख चुकल्यावर भरायला मिळणारे सवलतीचे दिवसही उलटले तर पॉलिसी बंद पडते आणि जुन्या आजारांचा प्रतीक्षा काळ, म्हणजे त्या आजारांचा खर्च विम्यातून मिळत नाही तो काळ, पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ शकतो. बीपी, शुगर असेल तर अर्जात स्पष्ट लिहा, एजंट ‘राहू द्या’ म्हणाला तरी! सहकारी संस्थेमार्फत गट विमा मिळत असेल तर आधी तो पाहा. फक्त सभासदत्व सुटलं तर विम्याचं काय होतं, हे लेखी घ्या. आणि यंत्रात हात सापडणं, फवारणीची विषबाधा, सर्पदंश यांतलं काही वगळलंय का, ते सही करण्याआधी वाचा.